पाण्यातली गाडी आणि तिचा पंखा



या व्यासपीठावरून आपण ज्ञानेश्वरी ऐकता, इतिहास ऐकता, देशाचे अर्थकारण ऐकता. आम्ही शाळेत सातवीपर्यंत गेलो. पुढचे शिक्षण गॅरेजच्या खड्ड्यात झाले आणि त्यापुढचे युनियनच्या कचेरीत. त्यामुळे संयोजकांचे बोलावणे आले तेव्हा आम्ही त्यांना सरळच सांगितले की, जे आम्हांला हाताने ठाऊक आहे त्यावरच बोलू. आम्हांला ठाऊक असलेली गोष्ट अशी की, कच्च्या रस्त्यावर चालणारी जीप ओढ्या-नाल्यातून न्यायची असेल तर तिच्या रेडिएटरच्या पंख्याचे काय करावे. विषय ऐकून संयोजक हसले आणि म्हणाले, "एवढा विषय तासभर पुरेल काय?" आम्ही म्हणालो, या पंख्यापायी एका माणसाची नोकरी जाण्याची वेळ आली होती आणि पुढे त्याच पंख्यापायी दुसऱ्या एकाचा जीव जाता जाता राहिला. तेव्हा तासभर पुरायला हरकत नाही.

प्रथम पंखा म्हणजे काय ते पाहू. इंजिनात तेल जळते. त्या उष्णतेपैकी काही भागच चाके फिरवतो, बाकीची बाहेर टाकावी लागते. त्यासाठी इंजिनाभोवती पाणी खेळवतात, ते तापलेले पाणी पुढच्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून उतरते आणि वाऱ्याने निवते. गाडी वेगात असली की वारा आपोआप लागतो. घाट चढताना किंवा चिखलात रखडताना तो लागत नाही. म्हणून रेडिएटरच्या पाठीशी पंखा असतो आणि तो समोरची हवा जाळीतून आत ओढतो. जुन्या जीपमध्ये हा पंखा लोखंडी पात्यांचा असे, पाण्याच्या पंपाच्याच दांड्यावर बसवलेला असे आणि पट्ट्याने इंजिनाबरोबर फिरे. इंजिन चालू तोवर पंखा चालू. त्याला 'थांब' म्हणण्याची सोय नव्हती.

ही जीप काही आपल्या ओढ्यांसाठी जन्मली नाही. १९४१ पासून अमेरिकन सैन्यासाठी ती तयार होऊ लागली. आपल्याकडे महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे सरकारी खात्यांपासून शेतकऱ्यांपर्यंत ती सगळीकडे पोचली. जेथे रस्ता संपतो तेथून जीपचे काम सुरू होते, आणि कोकणात व सह्याद्रीच्या खोऱ्यांत रस्ता बहुधा पाण्यापाशी संपतो. तेव्हा पाण्याशी तिची गाठ पडणारच.

आता १९९९ सालच्या पावसाळ्यातली हकीकत सांगतो. कोकणातल्या एका कंत्राटी कंपनीकडे सर्वेक्षणाच्या कामावर काही जीपगाड्या होत्या. कंपनीचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. त्यांतल्या एका चालकाने फरशीवरून वाहणाऱ्या गुडघाभर पाण्यातून गाडी काढली. गाडीत कंपनीचे साहेब बसले होते आणि 'चल' असे तेच म्हणाले होते. पलीकडच्या काठावर चढताच बॉनेटखालून वाफेचा लोट उठला. रेडिएटर फाटला होता. कंपनीने ठरवले की, चालकाने निष्काळजीपणे गाडी हाकली, समोरून दगड लागला आणि रेडिएटर फुटला. नव्या रेडिएटरची किंमत आणि गाडी बंद राहिली त्या दिवसांचे भाडे मिळून दीड महिन्याच्या पगाराएवढी रक्कम हप्त्याने कापण्याचे फर्मान निघाले. शिवाय आरोपपत्र हाती आले. घरात खाणारी सहा माणसे. तो गृहस्थ आमच्याकडे आला तेव्हा एवढेच म्हणाला, "भाऊ, दगड नव्हता. शपथ घेतो."

शपथेवर चौकशी सुटत नाही, हे आम्हांला एव्हाना कळले होते. आम्ही गॅरेजात गेलो. फाटलेला रेडिएटर सुदैवाने अजून भंगारात गेला नव्हता. तो उताणा केला, पालथा केला. पुढची बाजू, जिकडून दगड यायचा, ती धड होती. मागच्या बाजूला, इंजिनाच्या अंगाला, तांब्याच्या पापुद्र्यांवर कंपासने काढावी तशी गोल ओरखड्याची रेघ होती आणि त्या रेघेवरच्या नळ्या कापल्या गेल्या होत्या. मग पंखा पाहिला. पात्यांची टोके घासून चकचकीत झाली होती आणि त्यांना तांब्याची लाली लागली होती. चोर सापडला होता.

पण लोखंडी पाते पुढे वाकून रेडिएटरला लागले कसे? यासाठी थोडे गणित केले पाहिजे. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट जड असते. चाळीस सेंटिमीटर व्यासाचा पंखा मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर पात्याचे टोक ताशी सुमारे १५० किलोमीटर वेगाने धावत असते. हवेत हे चालते. तेच टोक पाण्यात बुडले की त्याच्या समोर हवेच्या आठशे पट जड वस्तू उभी राहते. पट्टा घसरून किंचाळतो, फेरे कमी होतात, पण पात्याला झटका बसायचा तो बसतोच. आणि तो पुढच्या दिशेने बसतो, ते का? भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी लाँच आठवा. तिचा पंखा पाणी मागे लोटतो आणि लाँच पुढे जाते. जीपचा पंखाही तेच करतो. तो पाणी इंजिनाकडे लोटतो आणि स्वतः पुढे, म्हणजे रेडिएटरकडे, ओढला जातो. पाते आणि जाळी यांत इंच-दीड इंचाचे अंतर. पंपाची बेअरिंग झिजलेली असेल, तर त्यातलेही काही आधीच गेलेले असते. शिवाय इंजिन रबरावर बसवलेले, तेही किंचित पुढे सरकते. एवढे सगळे जुळून आले की पंखा म्हणजे करवत होते.

चौकशीच्या दिवशी आम्ही रेडिएटर आणि पंखा दोन्ही टेबलावर ठेवले. चौकशी करणारे अधिकारी सज्जन होते, पण त्यांनी विचारले, "लोखंडाचे पाते पाण्याने वाकते, हे आम्ही मानायचे कसे?" आम्ही शिपायाकडून एक बादली पाणी आणि एक पुठ्ठ्याचा हातपंखा मागवला. साहेबांना आधी हवेत वारा घ्यायला सांगितला, मग तोच पंखा तितक्याच जोराने बादलीत फिरवायला सांगितला. पुठ्ठा दुमडला आणि साहेबांची बाही भिजली. ते हसले आणि त्यांनी ते लिहून घेतले. नुकसानीपोटी पगार कापण्यापूर्वी कामगाराला बाजू मांडण्याची संधी द्यावी, असे तेव्हा लागू असलेल्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात म्हटले होते. २०१९ च्या वेतन संहितेतही ते तत्त्व राहिले आहे. परंतु बाजू मांडायची तर ती आधी समजून घ्यावी लागते. कापलेला हप्ता परत मिळाला, आरोपपत्र मागे घेतले गेले, आणि आम्हांला पंख्याचे वेड लागले.

मग आम्ही विचारत सुटलो की, यावर उपाय काय. जुन्या चालकांनी सांगितले, काठावर थांबावे, पट्टा सैल करावा, पाणी ओलांडावे आणि पुन्हा आवळावा. उपाय खरा आहे. पण त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप आणि विजेचे जनित्रही चालते. त्यामुळे तो चार-पाच मिनिटांच्या अंतरापुरताच. शिवाय भर पावसात पाना घेऊन बॉनेटखाली वाकायचे, मागे बसलेल्यांची कुरकुर ऐकायची आणि पलीकडे गेल्यावर पट्टा आवळायला विसरायचे, की पुढच्या चढावर इंजिन उकळलेच. दुसरा उपाय ताडपत्रीचा. गाडीच्या नाकावर ताडपत्री बांधली आणि माणसाच्या चालीने गाडी पुढे नेली, तर तिच्यापुढे एक लाट चालते आणि लाटेच्या मागे, इंजिनापाशी, पाण्याची पातळी थोडी खाली राहते. हाही उपाय चांगला, पण मध्येच थांबलात की लाट मोडते आणि पाणी बरोबरीला येते.

पुढे दाट सिलिकॉन तेलाच्या जोडणीवर बसवलेले पंखे आले. इंजिन थंड असताना अशी जोडणी घसरते आणि पंखा हलकेच फिरतो. तापले की ती धरते. पाण्याचा अडथळा आला तर ती काहीशी घसरते, म्हणून घट्ट बसवलेल्या पंख्यापेक्षा ती बरी. परंतु घाट उतरून तापलेली गाडी थेट पाण्यात गेली तर पंखा धरलेलाच असतो, आणि चालकाच्या हातात बटण नसते ते नसतेच.

म्हणून आम्ही विजेच्या पंख्याकडे वळलो. यात पंपावरचा पंखा काढून टाकायचा आणि रेडिएटरमागे बॅटरीवर चालणारा पंखा बसवायचा. ऐकायला सोपे, पण यात सहा ठिकाणी चूक करता येते, आणि आम्ही त्यांतल्या चार केल्या आहेत. त्या आपण करू नयेत म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, पंख्याचा आकार. सपाटीवर चालेल तो पंखा घाटात पुरत नाही. पंख्याभोवती पत्र्याचे कोंदण हवे. ते नसेल तर पंखा आपल्यासमोरच्या वर्तुळातूनच हवा ओढतो आणि रेडिएटरचे कोपरे तापलेले राहतात. दुसरी गोष्ट, पंखा रेडिएटरच्या नळ्यांना पट्ट्यांनी बांधू नये. हादऱ्याने नळ्या कापल्या जातात. तो चौकटीला बांधावा. तिसरी गोष्ट वायरिंगची. असा पंखा वीसेक अँपिअर प्रवाह घेतो. तो साध्या बटणातून नेला तर बटण वितळते. रिले हवा, फ्यूज हवा, तार जाड हवी. चौथी गोष्ट जनित्राची. पावसाळी रात्री पुढचे दोन दिवे नऊ-दहा अँपिअर घेतात, वायपर चालू असतो, त्यात पंख्याचे वीस. जुन्या गाडीचे जनित्र पस्तीसेक अँपिअरचे असेल तर हिशेब काठावर येतो आणि पहाटे बॅटरी मान टाकते.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पंखा आपोआप चालू करणारा उष्णतेचा स्विच बसवतात. पण त्या स्विचला नदी दिसत नाही. इंजिन तापले की भर पाण्यात तो पंखा चालू करणार, पाती पाण्यात अडकणार, मोटर दबून अनेक पट प्रवाह घेणार, आणि मग एकतर फ्यूज जाणार किंवा मोटर. म्हणून चालकाच्या हाताशी तीन जागांचे बटण हवे, 'आपोआप', 'बंद' आणि 'चालू', आणि पंखा बंद असल्याची खूण म्हणून तांबडा दिवा हवा. दिवा नसेल तर चालक पलीकडे जाऊन पंखा बंदच ठेवतो आणि दोन मैलांवर इंजिन उकळवतो. ही चूक आमचीच. पाण्यात पंखा बंद ठेवल्याने इंजिन तापेल ही भीती मात्र बाळगू नये. थोड्या अंतरात हळू चालणाऱ्या गाडीची उष्णता बेताची असते आणि रेडिएटर तर पाण्यातच उभा असतो.

सहावी गोष्ट मोटरच्या पोटातली. तापलेली मोटर एकदम गार पाण्यात बुडाली की तिच्यातली हवा आकसते आणि सांधा जेथे कच्चा असेल तेथून पाणी आत शोषले जाते. मग गंज, मग आवाज, मग मोटर बंद. म्हणून पूर्ण मोहरबंद मोटर घ्यावी. आयपी ६७ असा शिक्का असेल तर ती एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकावी, असा त्याचा अर्थ असतो. तरीही काठावर मिनिट-दोन मिनिटे पंखा बंद करून उभे राहावे, आणि बाहेर आल्यावर पाणी निथळू द्यावे, पात्यांत गवत-पाचोळा अडकला आहे का ते पाहावे आणि मगच बटण फिरवावे. हाच न्याय मागच्या आसाच्या पेटीलाही लागू आहे. तापलेली पेटी पाण्यात गेली की तीही पाणी पिते. तिच्या श्वासनळीला रबरी नळी जोडून ती उंच न्यावी, आणि पावसाळ्यात तिचे तेल अधूनमधून पाहावे. ते ताकासारखे पांढरे झाले असेल तर पाणी शिरले असे समजावे. इंजिनाच्या हवेच्या तोंडाची तर सर्वांत आधी काळजी घ्यावी. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. एक पेलाभर पाणी सिलिंडरमध्ये गेले तर लोखंडी दांडा वाकतो.

नव्या गाड्यांतले पंखे बहुधा विजेचेच असतात आणि ते इंजिनाचा संगणक चालवतो. तेथे गावच्या गॅरेजात तारा कापू नयेत. माहितगाराकडे जावे, नाहीतर गाडीची हमीही जाते. या गाड्यांच्या कंपन्या पाण्याची खोलीही जाहीर करतात. २०२० च्या थारसाठी ६५० मिलिमीटर आणि २०२१ च्या गुरख्यासाठी ७०० मिलिमीटर असे आकडे दिले गेले. ते वाचून पुष्कळ तरुणांच्या अंगात वारे शिरते. आता आम्ही दुसरी हकीकत सांगणार आहोत, ती त्यांच्यासाठी.

पहिल्या चौकशीनंतर आम्ही त्या कंपनीकडे मागणी लावून धरली की, सर्व जीपगाड्यांना विजेचे पंखे बसवा. दोन वर्षे भांडलो. २००१ साली सहा गाड्यांना पंखे बसले. आम्हांला हार घालण्यात आले आणि तो हार आम्ही आनंदाने घालून घेतला. पुढच्याच पावसाळ्यात एका फरशीवर मांडीभर पाणी होते. चोवीस वर्षांचा चालक थांबला. मागून आवाज आला, "आता कसला थांबतोस? तुमच्या युनियनने पंखा मागितला, आम्ही दिला. आता सबब नको." पोराने बटण बंद केले, दिवा लागला, आणि गाडी पाण्यात घातली.

पंख्याने दगा दिला नाही. इंजिन घड्याळासारखे चालत होते. पण मध्यावर गेल्यावर चाकांची पकड सुटली. याचे गणित आम्ही नंतर केले, आधी करायला हवे होते. जीपचा तळ दीड मीटर रुंद आणि तीन मीटर लांब धरा, म्हणजे साडेचार चौरस मीटर. तळाच्या वर दर दहा सेंटिमीटर पाणी चढले, आणि ते आत शिरले नाही, तर गाडी साडेचारशे किलोंनी हलकी होते. दीड-दोन टनांच्या गाडीला तरंगायला किती पाणी लागेल ते आपणच मोजा. त्यात वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. गाडीचे मागचे अंग फिरले, चाक फरशीच्या कडेवरून उतरले आणि गाडी खालच्या उंबराला जाऊन टेकली. तिघेही टपावर चढले. गावकऱ्यांनी दोर टाकून त्यांना बाहेर काढले. गाडी दुसऱ्या दिवशी निघाली.

त्या पोराला भेटायला आम्ही गेलो. आम्ही म्हणालो, "तू नाही का म्हणाला नाहीस?" त्याने जे उत्तर दिले ते आम्ही अजून विसरलो नाही. तो म्हणाला, "भाऊ, पूर्वी गाडीच नाही म्हणायची. पंखा फाटेल म्हटलं की साहेब ऐकायचे. आता नाही मला म्हणावं लागतं, आणि माझं कोण ऐकतो?"

सभ्य स्त्रीपुरुषहो, आम्ही तीन रात्री झोपलो नाही. आम्ही लोखंडाचा विचार केला होता, तारेचा केला होता, अँपिअरचा केला होता. पण सुधारलेले यंत्र कोणाच्या हुकुमाने पाण्यात जाणार, याचा विचार केला नव्हता. चालकाला संरक्षण म्हणून मागितलेली वस्तू त्याच्यावर सक्ती करण्याचे साधन झाली, आणि ती मागणारे आम्हीच होतो. म्हणून पंखे काढून टाका असे आम्ही म्हणालो काय? नाही. पंखा चांगलाच होता. पण त्या वर्षीच्या करारात आम्ही पंख्याखाली आणखी चार ओळी लिहून घेतल्या. पाण्याच्या काठावर शेवटचा निर्णय चालकाचा. गाडीत खुणा केलेली काठी असावी आणि संथ पाणी चाकाच्या मध्यापर्यंतच चालेल. वाहत्या पाण्यात फरशीच्या कडा दिसत नसतील तर गाडी घालायची नाही. आणि पाणी उतरेपर्यंत थांबलेल्या तासांचा पगार कापायचा नाही. या शेवटच्या ओळीसाठी सर्वांत जास्त भांडावे लागले. पण तीच नसेल तर पहिल्या तीन ओळी कागदावरच राहतात. ज्याचा पोटाचा पैसा थांबण्यात जातो, तो थांबत नाही.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि एस. टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या, हे आपणांस आठवत असेल. अंधारात त्या चालकांना निर्णय घ्यायला संधीच मिळाली नाही. जेथे ती संधी मिळते, तेथे ती कोणी चालकाच्या हातून काढून घेऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता पावसाळा दीड महिन्यावर आला आहे. आपल्यापैकी कोणी गाडीवाले असतील त्यांनी पंख्याची पाती, पंपाची बेअरिंग आणि पट्टा आताच पाहून घ्यावा. बेअरिंग हलत असेल तर ती बदलावी, विजेचा पंखा बसवायचा तर वर सांगितलेल्या सहा गोष्टी पाहून बसवावा. आणि जे गाडीवाले नाहीत, फक्त प्रवासी आहेत, त्यांच्याकडे आमचे एक मागणे आहे. एस. टी. असो की भाड्याची जीप असो, चालक फरशीपाशी थांबला तर मागून 'चल, चल' करू नये. तो घाबरलेला नसतो, तो पाणी मोजत असतो. त्याला शांतपणे मोजू द्यावे.